डाग दिसतो, माल दिसत नाही

चिकनचा कुर्ता ट्यूबलाइटखाली धरून, एक डोळा बारीक करून त्यावर डाग शोधणाऱ्या आणि डाग सापडला की लॉटरी लागल्यासारखं हसणाऱ्या माणसांबद्दल मला बोलायचं आहे. मी लखनौत, गोमती नगरात राहते, म्हणून ही जमात माझ्या वाट्याला जरा जास्तच येते. इमामबाड्याच्या भुलभुलैयात हरवून यायचं, टुंडे कबाबीच्या दुकानासमोर फोटो काढायचा आणि मग "तू इथलीच ना आता, चांगल्या दुकानात ने" म्हणत माझी अख्खी दुपार खायची, हा पुण्या-नागपूरच्या पाहुण्यांचा ठरलेला कार्यक्रम. आमच्याकडच्या बहुतेक खंडांची नावं 'वि'वरून आहेत. विभूती खंड, विनय खंड, विराम खंड, विशाल खंड, विपुल खंड. पाहुणा पहिल्या दिवशी हमखास भलत्याच खंडात रिक्षा घेऊन उभा असतो आणि फोनवर मलाच ओरडतो. पण कुर्त्याच्या घेरावरचा मोहरीएवढा निळा ठिपका मात्र त्याला न चुकता सापडतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या एका मावसवहिनींना घेऊन पत्रकारपुरमच्या बाजारात गेले होते. दुकानदाराने दोन कुर्ते समोर टाकले. एक मलमलीचा, हाताच्या कामाचा. गळ्याभोवती मुर्री, म्हणजे तांदळाच्या दाण्यासारखे उठून दिसणारे टाके, खाली जाळी आणि शिवणीजवळ फिकट निळी एक रेघ. दुसरा कुर्ता मशीनचा. पॉलिएस्टरचा चकचकीत धागा, प्रत्येक फूल शेजारच्या फुलाची झेरॉक्स, डाग औषधालाही नाही. वहिनींनी पहिला उचलला, रेघ पाहिली आणि नाक मुरडलं. दुकानदार अदबीने म्हणाला, "बाजी, ये छपाई का निशान है, एक धुलाई में निकल जाएगा." वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "डागी माल खपवतोय मेला. आणि या दुसऱ्याचं फिनिशिंग बघ!" दुसरा घेतला. वर मला शहाणपण शिकवलं, की क्वालिटी ओळखायला नजर लागते.

नजर लागते, हे खरंच. पण तिथे ती नजर नव्हती. तिथे फक्त डोळे होते.

ती निळी रेघ म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते, कारण ज्या खुणेमुळे वहिनींनी तो कुर्ता नाकारला, तीच खूण तो कुर्ता हाताचा असल्याची साक्ष देत होती. चिकनचं काम कापडावर थेट सुईने सुरू होत नाही. आधी शिंपी कापड बेततो. मग छपाईवाला लाकडी ठप्प्याने त्यावर नक्षी उमटवतो. रंग म्हणजे नीळ आणि गोंद यांचं पाणी, जे पुढे धुऊन जावं अशीच त्याची योजना असते. मग ते छापील कापड लखनौच्या आसपासच्या गावांत आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांत बायकांच्या हाती जातं. त्या बायका निळ्या रेघेवरून टाका घालतात. टेपची साधी धावदोऱ्याची, बखियात धागा कापडाच्या उलट बाजूने चालतो आणि सुलट बाजूला त्याची सावली पडते, फंदा म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी गाठ. जाळीचं काम तर बघत राहावं असं. एकही धागा न कापता, सुईच्या टोकाने ताणा आणि बाणा बाजूला सारून, बारीक टाक्याने तिथेच बांधून भोक पाडायचं. कित्येकदा एकच कपडा एकीकडून दुसरीकडे जातो, कारण मुर्रीचा हात एकीचा चांगला आणि जाळीचा दुसरीचा. सगळं झालं की कपडा धोब्याकडे, भट्टीवर. तिथे नीळ निघते, मळ निघतो, मग स्टार्च, मग इस्त्री. क्वचित शिवणीच्या पोटात नीळ थोडी दडून राहते. ती ही निळी रेघ. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनला ठप्पाच नको, म्हणून मशीनच्या कुर्त्यावर असली रेघ नसतेच. ज्याला पूर्वखुणाच लागत नाहीत, त्याच्यावर पुसट खूण राहणार कुठून?

म्हणजे वहिनींनी पुरावा हाती धरला आणि त्यालाच आरोपी ठरवलं.

यात वहिनी एकट्या नाहीत आणि हा रोग मराठीही नाही. अमेरिकेत रिचर्ड निसबेट आणि टिमोथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक प्रयोग छापला. दुकानात टेबलावर पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातली सर्वांत चांगल्या दर्जाची कोणती? चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. लोकांनी मात्र उजव्या टोकाची जोडी भरभरून निवडली, डाव्या टोकाच्या जोडीच्या जवळजवळ चौपट. कारण विचारल्यावर कुणी विणीबद्दल बोललं, कुणी तलमपणाबद्दल. जोडी उजवीकडे होती म्हणून घेतली, असं एकानेही सांगितलं नाही. आपणही हेच करतो. आधी डोळ्याला जे खुपलं त्यावर निकाल देतो आणि मग त्या निकालाला 'पोत', 'फिनिशिंग', 'क्वालिटी' असली झूल चढवतो. मराठी घरांत तर या नजरेची रीतसर तालीम झालेली आहे. कांदेपोह्यांच्या बैठकीत पिढ्यान्‌पिढ्या मुलीच्या गालावरचा डाग मोजणाऱ्यांना कुर्त्यावरचा डाग मोजायला कितीसा वेळ लागणार!

आता एक वकिली बाजू आहे, ती मांडायलाच हवी, नाहीतर म्हणाल बाई नुसत्याच भांडतात. ग्राहकाला माल उघडून बघता येत नाही. धागा सुती की पॉलिएस्टर, कापड दुसऱ्या धुण्यात टिकेल की फाटेल, हे दुकानात कळत नाही. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन १९७० मध्ये हीच गोष्ट मांडली आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यालाच मधला भाव देतो, आणि त्या भावात चांगला माल आणणाऱ्याला परवडत नाही. तो बाजारातून उठतो. उरतो तो रद्दी माल. तेव्हा अशा अंधारात माणूस जे दिसतं त्याचाच आधार घेणार. ज्याने बाहेरचं नीट केलं नाही त्याने आतलंही नीट केलं नसेल, हा तर्क काही मूर्खपणाचा नाही. आपल्या आज्यांनी याच तर्कावर गवंडी, सुतार आणि सोनार पारखले.

पण तो तर्क ज्या गोष्टीवर उभा होता ती गोष्टच आता उरली नाही. सुताराच्या पाटाचा वरचा गुळगुळीतपणा आणि आतला सांधा एकाच माणसाच्या हातचा असायचा. वरचं बघून आतल्याची खात्री पटायची, कारण हात एक होता. आज आत करणारा वेगळा, वर करणारा वेगळा, आणि दोघांची कधी गाठ पडलेली नसते. फिनिशिंग हे आता स्वतंत्र खातं आहे. त्याचं बजेट वेगळं आणि त्याचं काम एकच, की आत काय आहे याची चौकशी तुमच्या मनातही येऊ नये. आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे गुळगुळीतपणा हा आज कोणत्याही वस्तूचा सर्वांत स्वस्त भाग झालेला आहे. पूर्वी एकसारखा टाका म्हणजे तीस वर्षांचा हात. आज एकसारखा टाका म्हणजे मशीनला वीजपुरवठा चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपण मात्र अजून तीस वर्षांच्या हाताची किंमत विजेला देतो आहोत.

पटत नसेल तर गोमती नगर एक्स्टेंशनला कुठल्याही सॅम्पल फ्लॅटमध्ये जाऊन या. छतावर पीओपी, त्यातून झिरपणारा पिवळा उजेड, आरशासारख्या टाइल्स. पाहुणे मंडळी टाइल्सच्या सांध्यावरून बोट फिरवतात आणि भिंतीवर रंगाचा ओघळ दिसला की बिल्डरच्या पोराला धारेवर धरतात. खांबात सळई किती, काँक्रीट किती दिवस भिजवलं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कोणत्या पद्धतीचं, हे विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिलंय, की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. २०१६ चा कायदा आहे. टाइलवरच्या केसाएवढ्या चिरेसाठी भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी हे कलम वाचलंय, ते स्वतःलाच विचारा. रंगाचा ओघळ लपवायला अर्ध्या दिवसाचा पेंटर पुरतो. तिसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात उगवणारा ओलाव्याचा नकाशा मात्र त्या पेंटरने आधीच रंगाखाली झाकून ठेवलेला असतो.

आंब्याचं घ्या, कारण लखनौत राहून आंब्यावर न बोलणं म्हणजे पाप. मलिहाबाद इथून तासाभरावर. दशहरी ज्या गावावरून ओळखली जाते ते दशहरी गाव काकोरीच्या बाजूला. मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकनही आहे. जूनमध्ये गोमती नगरच्या चौकाचौकांत हातगाड्या लागतात आणि मग सुरू होतो डाग-शोधसोहळा. झाडावर नीट पिकू दिलेली दशहरी पिकली तरी हिरवट पिवळीच असते. देठ तुटताना चीक ओघळला तर सालीवर काळपट पट्टा उठतो. तो सालीपुरता असतो, गराशी त्याचं काही देणंघेणं नसतं. इथले जाणकार तर टपका मागतात, म्हणजे झाडावर पिकून आपसूक पडलेला आंबा. पडला म्हणजे एका बाजूला लागणारच. ती लागलेली बाजू कापून टाकायची आणि उरलेला आंबा डोळे मिटून खायचा. आपल्याकडे पाडाचा आंबा म्हणतात, त्याचा हा अवधी भाऊ. पण मॉलमधल्या गिऱ्हाइकाला हवा असतो लिंबासारखा पिवळाधमक, एकसारखा, डागविरहित. तसा हवा तर तसा मिळतो. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे, तरी दर उन्हाळ्यात अशी फळं पकडल्याच्या बातम्या येतात. कारण कार्बाइड तेच देतं जे आपण मागतो, वरून सोनं. आत आंबट-पांचट निघालं, की दोष दशहरीला.

आणि आपण हापूसवाल्यांनी तरी हे कुणाकडून शिकायची गरज नव्हती. साका माहीत नाही असा हापूस खाणारा मराठी माणूस दाखवा. बाहेरून देखणं फळ, सालीला बोट लावायला जागा नाही, देवगडची पेटी, गवताचा सुगंध, आणि सुरी घातली की गराच्या मधोमध पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. साक्याची बाहेरून खूण दिसत नाही. ज्या आंब्याने आपल्या पिढ्यांना शिकवलं की साल खोटं बोलते, तोच आंबा आपण अजून सालीवरून निवडतो आणि डागी म्हणून बाजूला काढलेली फळं रसाला पाठवतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढली. साका नाही, गर भरपूर. तिची पेटी घेऊन कोण नातेवाइकांकडे जातं, सांगा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करते. डागाच्या भीतीने कधीकधी भलंही होतं. रहमानखेड्याच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने झाडावरच आंब्याला कागदी पिशवी चढवायचा प्रचार केला. त्यात फळ डागाशिवाय निघतं, कीड कमी लागते आणि फवारणीही कमी करावी लागते. हे चांगलंच. पण ही एखादीच वाट. बाकी बहुतेक वेळा स्वच्छ सालीचा हट्ट औषधाच्या पंपातून पुरवला जातो.

युरोपातल्या साहेबांनी तर काकडीचा वाकडेपणा कायद्यात बसवला होता. १९८८ च्या नियमानुसार पहिल्या वर्गातली काकडी दहा सेंटिमीटरमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेली चालायची नाही. फूटपट्टी घेऊन काकडी मोजणारे सरकारी नोकर डोळ्यांसमोर आणा. अखेर २००९ च्या जुलैपासून त्यांनी काकडीसह सव्वीस फळंभाज्यांचे असले नियम गुंडाळले. आपल्याला कायद्याची गरज नाही, आपल्या मावसवहिन्या पुरेशा आहेत.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येते, कारण इथवर वाचून कुणी म्हणेल, घेऊ दे ना ज्याला जे घ्यायचं ते, पैसे त्यांचे, डोळे त्यांचे. नाही. पैसे तुमचे असतील, पण तुमच्या नजरेचा दंड दुसरंच कुणीतरी भरतं.

पहिला दंड कापड भरतं. गिऱ्हाइकाला निळा कणही चालत नाही, हे व्यापाऱ्याला कळलं. मग धोब्याला सांगितलं जातं, पांढरं म्हणजे पांढरंशुभ्र पाहिजे आणि उद्या पाहिजे. नीळ सावकाश, एक-दोन सौम्य धुण्यांत निघते. पण घाईत ती काढायची तर तीव्र ब्लीच, तीव्र रसायनं. सुती धाग्याला जास्त ब्लीच लागलं की तो आतून खचतो, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं. कुर्ता दुकानात दुधासारखा पांढरा दिसतो आणि चौथ्या धुण्यात काखेत फाटतो. म्हणजे डाग नको, या हट्टानेच खरा दर्जा मारला. आणि फाटल्यावर तुम्ही काय म्हणता? "लखनौचा माल टिकत नाही हो." लखनौने तुम्हाला टिकणाराच दिला होता. त्याच्यावर निळी रेघ होती.

दुसरा दंड ती बाई भरते. ती तुम्हाला दुकानात दिसत नाही, कारण ती काकोरीकडच्या एखाद्या खेड्यात आपल्या उंबरठ्याशी उजेडाकडे तोंड करून बसलेली असते. कामाचे पैसे नगावर. माल आणणारा-नेणारा मधला माणूस वेगळा. व्यापाऱ्याने तुकडा परत पाठवला, की दुरुस्ती तिची, वेळ तिचा आणि मजुरीतली कापाकापीही तिचीच. टाका मागेपुढे झाला हा दोष तिचा, ठप्प्याची शाई गडद लागली हाही दोष शेवटी तिच्याच नावावर. क्लेअर विल्किन्सन-वेबर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या कारागीर स्त्रियांमध्ये राहून १९९९ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातली बोचणारी गोष्ट ही, की या बायकांच्या हातातलं कसब कसब म्हणून मोजलंच जात नाही, फावल्या वेळेतला उद्योग म्हणून त्याची बोळवण होते. मुजफ्फर अलींनी १९८६ मध्ये याच बायकांवर 'अंजुमन' काढला. १९८४ पासून 'सेवा लखनौ' ही संस्था मधल्या माणसाला बाजूला सारून त्यांच्या हाती पैसा यावा म्हणून झटते आहे. २००८ मध्ये लखनवी चिकनला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही हाताच्या कामाला. इतकं सगळं झालं, आणि आपण दुकानात उभे राहून विचारतो, "डाग आहे, किती कमी करणार?" तो जो कमी करतो ना, तो स्वतःच्या खिशातून करत नाही.

तिसरा दंड येणारी पिढी भरेल. मुर्रीचा बारीक हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्यात डोळे जातात. जर सुरतेहून ट्रक भरून येणारा मशीनचा माल अधिक सुबक म्हणून अधिक चांगला ठरत असेल, तर कोणती आई आपल्या पोरीला सुई धरायला शिकवेल? ती शिकवत नाहीये. आणि ती शहाणी आहे.

इथे दुकानदारांना मोकळं सोडावं असं माझ्या मनात अजिबात नाही. तेही काही साधुसंत नाहीत. नूरजहाँने चिकन हिंदुस्थानात आणलं ही गोष्ट प्रत्येक दुकानात चहाबरोबर फुकट मिळते, पण धागा कोणता, हे विचारलं की आवाज खाली जातो. एकाच रॅकवर हाताचा आणि मशीनचा माल शेजारी लटकवायचा, दोघांनाही 'प्युअर चिकन' म्हणायचं, आणि गिऱ्हाइकाला जे आवडेल त्याला होकार द्यायचा. शिवाय हल्ली एक नवा चावटपणा निघालाय. खरोखरच वाईट काम, सुटलेल्या गाठी, अर्धवट सोडलेली जाळी, वाकडी शिवण, आणि वर एक देखणा कागदी टॅग, की असमानता हा दोष नसून हस्तकलेचं सौंदर्य आहे. ज्या टॅगने खऱ्या कारागिराची बाजू मांडायची, तो भामट्याच्या हाती वकीलपत्र म्हणून गेलाय. मोठ्या शहरांतल्या बुटिकांत तर मुद्दाम ओबडधोबड केलेलं, जास्त पैशांना विकतात, आणि तिथे याच वहिनी "किती ऑथेंटिक!" म्हणून उड्या मारतात. डागाची भक्ती हीदेखील डागाचीच गुलामी. डाग म्हणजे वाईट, हे जितकं पोरकट, तितकंच डाग म्हणजे अस्सल, हेही. मुर्रीतला एक दाणा शेजारच्यापेक्षा बारीक असणं हे हाताचं लक्षण आहे. गाठ सुटणं हे हाताचं नाही, हलगर्जीचं लक्षण आहे. दोन्हींतला फरक कळत नसेल तर दोष कुर्त्याचा नाही.

आणि हा फरक शिकणं अशक्य नाही, कारण आपणच तो शिकलेलो आहोत, जिथे पैसा मोठा आहे तिथे. पैठणी घेताना आपली बाई पदर उलटा करून बघते. हातमागाच्या पदराची पाठ पोटासारखीच नेटकी, यंत्रमागाच्या पाठीवर मोकळे धागे लोंबतात, हे तिला तोंडपाठ असतं. सोन्याचं तर बोलायलाच नको. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभरच्या सराफ बाजारांत पसरलेत. त्यांच्यापुढे दागिन्याच्या चकाकीचं कौतुक करून बघा, ते हसतील. ते कस घेतात, मुशीत घालतात. आता तर २०२१ च्या जूनपासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षरी-आकडी ओळखक्रमांक बघितल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. बांगडीवर ओरखडा आहे म्हणून सोनं हलकं, असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. मग मलमलीवर ओरखडा दिसला की आपण लगेच वेडे का होतो? उत्तर मला माहीत आहे. सोन्यात आपले पैसे अडकलेले असतात. कुर्त्यात दुसऱ्या कुणाचे तरी डोळे अडकलेले असतात.

तर यंदा कुणी लखनौला येणार असेल, त्यांच्यासाठी सांगते. कुर्ता उजेडाकडे धरायचाच असेल तर उलटा करून धरा. मशीनच्या कामात मागच्या बाजूला खालच्या धाग्याची सलग, कडक रांग दिसते, बऱ्याचदा वरच्याहून वेगळ्याच धाग्याची. हाताच्या कामात मागे टाक्यांचा स्वतःचा रस्ता दिसतो. बखिया असेल तर तिरप्या धाग्यांची वीण, बाकी ठिकाणी बारीक गाठी. गाठ बोटाने किंचित ओढून बघा, पक्की आहे ना. जाळीतून उजेड बघा, धागा तुटलेला नाही ना. कापड दोन्ही मुठींत धरून हलकं ताणा. ब्लीचने मेलेलं कापड लगेच सांगतं. हे सगळं ठीक असेल आणि घेरावर एक निळा ठिपका असेल, तर तो घ्या, मागतील ते पैसे द्या, घरी नेऊन साध्या साबणाने दोनदा धुवा. सूट मागू नका.

आणि सूट मागणारच असाल, तर गोमती नगरात हॉटेलं पुष्कळ आहेत. माझ्याकडे उतरू नका.